कॉम्प्युटर सायन्सला जोड कशाची? संख्याशास्त्राच्या मायनरचा माझा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीला जोड म्हणून घेतलेल्या संख्याशास्त्राच्या मायनरला मी पाचपैकी चार तारे देतो. एक तारा वेळापत्रकापायी गेला, त्याबद्दल पुढं लिहिलंय. विषयाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

मी शिरोळ तालुक्यातला. इंजिनिअरिंग कोल्हापुरात केलं, राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून. आता शाहूपुरीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. दरवर्षी सेकंड इयरचे फॉर्म निघाले की गावातली, पाहुण्यातली पोरं फोन करतात, "दादा, मायनर कुठलं घेऊ?" फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी व्यवस्था समजून घ्या. आमच्या वेळी मायनर ऐच्छिक होतं. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद, तिच्या नियमाप्रमाणं १६० क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) डिग्रीवर १८ ते २० क्रेडिट जादा केले की मायनर मिळायचं. जादा विषय, जादा परीक्षा, जादा फी. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे पोरं ज्याला एमडीएम म्हणतात ते, डिग्रीच्या आतच बसवलंय. १४ क्रेडिटचं आहे आणि दुसऱ्या शाखेतलं घ्यावंच लागतं. त्यामुळं आता सगळ्यांनाच निवड करायची आहे, आणि बहुतेकजण ती नोटीस बोर्डासमोर उभं राहून, मित्रानं काय भरलं ते बघून करतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन-तीन वर्षं तो विषय तुमच्यासोबत राहणार असतो.

आमच्या यादीत इलेक्ट्रॉनिक्सचं एम्बेडेड सिस्टिम्स होतं, मेकॅनिकलचं रोबोटिक्स, मॅनेजमेंटचं उद्योजकता, गणित विभागाचं संख्याशास्त्र आणि आर्टिफिशिअल इंटेलिजन्स. अर्धा वर्ग एआयकडं धावला. कॉम्प्युटरवाल्यानं एआयचं मायनर घेणं मला पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. एआयचा गाभा असलेलं मशीन लर्निंग तुमच्या स्वतःच्या शाखेत थर्ड इयरला येतंच, फायनलला इलेक्टिव्ह म्हणून पुन्हा येतं. तोच अभ्यासक्रम दुसऱ्या नावानं शिकायला कशाला क्रेडिट घालवायचे? जोड म्हणजे आपल्याकडं जे नाही ते आणणारी असावी. कॉम्प्युटरची शाखा आपल्याला प्रोग्रॅम कसा चालवायचा ते शिकवते. समोर आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ती फारसं शिकवत नाही.

पहिलं सेमिस्टर जड गेलं, हे सांगायला हवं. संभाव्यता, वितरणं, मग अनुमान. सरांचा नियम होता, पहिले दोन महिने लॅपटॉप बंद. वही आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर. कोडिंगची सवय लागलेल्या पोरांना हे जाचक वाटायचं, चारजण तिथंच सोडून गेले. पण प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, दहा आकड्यांवर हातानं काढलं की ते काय मोजतं हे बोटांना कळतं. पुढं आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच एका ओळीत यायला लागलं, तेव्हा त्या ओळीमागं काय घडतंय हे आम्हाला माहीत होतं.

सर अभ्यासक्रमात नसलेलं बरंच सांगायचे. डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार हे नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कोल्हापूरचा माणूस, केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडं डॉक्टरेट केली, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला, १९७४ ला पद्मभूषण. जवळच्या साताऱ्याचे डॉ. पां. वा. सुखात्मे, बुध गावचे; नमुना पाहणीतलं त्यांचं काम जगभर मानतात, आणि पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्राचे प्रमुख होते. आपल्या भागानं या विषयाला एवढी मोठी माणसं दिली आणि आपल्या पोरांना ती ठाऊक नाहीत. सर हे सांगताना आवाज चढवायचे नाहीत, पण वर्ग शांत व्हायचा.

आता ज्या एका प्रकरणासाठी मी हे मायनर कुणालाही डोळे झाकून सुचवेन, ते सांगतो. टाइम सिरीजचा, म्हणजे काळाच्या क्रमानं घेतलेल्या नोंदींचा, विषय होता. सरांनी आम्हाला पंचगंगेच्या पाणीपातळीचे रोजचे आकडे दिले, राजाराम बंधाऱ्यावरचे, पावसाळ्यातले, बऱ्याच वर्षांचे. कोल्हापूरकराला हे आकडे सांगायला नकोत. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै लागला की घराघरात सकाळी पहिला प्रश्न हाच, "बंधाऱ्यावर किती झालं?" सोबत गगनबावडा आणि राधानगरीकडचा पाऊस, आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत. दरवाजे सात. एक उघडला की १४२८ क्युसेक, हा आकडा आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतो.

काम असं होतं: उद्याची पातळी सांगायची. सरांनी फळ्यासमोर प्रोजेक्टरवर एक मॉडेल चालवून दाखवलं. रँडम फॉरेस्ट, मशीन लर्निंगच्या पुस्तकात शिकवतात तसंच. सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसल्या, ऐंशी टक्के शिकायला, वीस टक्के तपासायला. अचूकता बघून वर्ग खूश. मग त्यांनी विचारलं, "१६ जुलैचा अंदाज तपासायला ठेवलाय, आणि १५ आणि १७ जुलै मॉडेलनं आधीच बघितलेत. मग हा अंदाज झाला की उत्तर बघून लिहिलेला पेपर?"

नदी एका रात्रीत आपली ओळख बदलत नाही. आजचं पाणी कालच्या पाण्याशी बांधलेलं असतं. नोंदी पिसून टाकल्या की हे नातं तपासणीच्या भागात गळतं आणि मॉडेल उगाच हुशार दिसतं. सरांनी मग कालक्रमानं वाटणी केली. २०१८ पर्यंतची वर्षं शिकायला, २०१९ पूर्ण बाजूला. २०१९ ला काय झालं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. मॉडेलचा आलेख मात्र वर चढता चढता एका ठिकाणी सपाट झाला आणि तिथंच थांबला. खरी रेघ त्याच्या कितीतरी वर. कारण साधं आहे. रँडम फॉरेस्ट शिकलेल्या नोंदींच्या सरासऱ्या काढून उत्तर देतं, त्यामुळं त्यानं बघितलेल्या कमाल पातळीच्या वर त्याचा अंदाज जातच नाही. ज्या दिवसासाठी अंदाज हवा असतो, नेमक्या त्याच दिवशी तो गप्प.

वर्गात माझ्यासारखी शिरोळकडची तिघं-चौघं होती. आमच्या गावांत पाणी चढतं तेव्हा पंचगंगेबरोबर कृष्णेचाही फुगवटा असतो, नृसिंहवाडीला संगम आहे, म्हणून पाणी उतरायलाही वेळ लागतो. कधी म्हशी हलवायच्या, कधी धान्य माळ्यावर टाकायचं, हे घरातली मोठी माणसं ठरवतात ते त्या बंधाऱ्याच्या आकड्यावरनं. त्या सपाट रेघेकडं बघताना मला पहिल्यांदा कळलं की चुकीच्या पद्धतीनं तपासलेलं मॉडेल एखाद्या घराला किती महागात पडू शकतं.

त्यापुढचा भाग आणखी महत्त्वाचा. सर म्हणाले, तुमच्या मॉडेलला आधी सर्वांत साध्या अंदाजाशी लढवा. सर्वांत साधा अंदाज कुठला? "उद्याची पातळी आजच्याइतकीच." काही न शिकणारा, एका ओळीचा. पाऊस नसलेल्या दिवशी हा अंदाज भलताच चांगला निघतो, आणि वर्गातली निम्मी मॉडेलं त्याला हरवू शकली नाहीत. ज्या गटांनी पातळीऐवजी पातळीतला फरक सांगायचं ठरवलं, वरच्या भागातला पाऊस काही तास मागं सरकवून घेतला, त्यांचं जमलं. आणि शेवटी सरांनी एकच आकडा देणं बंद करायला लावलं. "उद्या ४२ फूट" असं नुसतं सांगायचं नाही. कितीपासून कितीपर्यंत, आणि ४३ ओलांडायची शक्यता किती, ते लिहायचं. म्हशी हलवणाऱ्या माणसाला उपयोग त्या शक्यतेचा असतो.

हे मला कॉम्प्युटरच्या कुठल्याच पेपरात मिळालं नाही. लायब्ररी कशी वापरायची ते मिळालं, अचूकतेची टक्केवारी कशी छापायची ते मिळालं.

संख्यात्मक गुणवत्ता नियंत्रणाचा विषय शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या भेटीमुळं लक्षात राहिला. रोज किती कास्टिंग रिजेक्ट झाली, ब्लोहोलमुळं (आत राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळं) किती, वाळूमुळं किती, याचे कागद त्यांनी दिले आणि आम्ही त्यावर कंट्रोल चार्ट काढले, म्हणजे रोजचे आकडे आणि नेहमीचा चढउतार कुठपर्यंत असतो त्याच्या वर-खाली मर्यादेच्या रेघा. वॉल्टर श्यूहार्टनं १९२४ मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या समूहात मांडलेली कल्पना, शंभर वर्षांनी शिरोलीत तशीच लागू पडते. एका दिवशी रिजेक्शन वाढलं म्हणून लगेच वाळूचं मिश्रण बदलायचं, दुसऱ्या दिवशी कमी झालं म्हणून परत बदलायचं, असं केलं की चढउतार आणखी वाढतो. रेघेच्या आतली हालचाल आणि रेघ ओलांडून गेलेली हालचाल वेगळी वागवायची.

नोकरीत याचा उपयोग झाला का, हे सगळे विचारतात. रोज होतो. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतं, त्यावरनं दर, आणि दर दहा दिवसांनी बिल. मशीनचं कॅलिब्रेशन हळूहळू सरकलं तर फॅट थोडं थोडं कमी लागायला लागतं. एका शेतकऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्या म्हशीचं फॅट वैरणीप्रमाणं, हवेप्रमाणं तसंही खाली-वर होतच असतं. पण गावातल्या सगळ्याच दुधाळ जनावरांनी एकाच आठवड्यात मिळून फॅट कमी करायचं ठरवलेलं नसतं. प्रत्येकाचा स्वतःच्या सरासरीपासूनचा फरक काढला आणि सगळ्यांचा एकत्र बघितला, की मशीन सरकल्याचं स्वच्छ दिसतं. हा तपास मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला. एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधनं माहिती काढायच्या भाषेतली, वीसेक ओळींची क्वेरी आहे, कोड म्हणून त्यात काहीच नाही. ती लिहायची हे सुचलं ते मायनरमुळं. एका संस्थेच्या सचिवांनी मशीन तपासायला पाठवली, त्यात खरंच दोष निघाला, आणि त्या गावातल्या बायामाणसांना त्यांच्या दुधाचे बरोबर पैसे मिळायला लागले. माझ्या आतापर्यंतच्या कामात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. मायनरचे तास नेहमी उरलेल्या वेळेत टाकले जातात. आमचे संध्याकाळी पाचनंतर आणि शनिवारी असायचे. गावाकडनं एसटीनं ये-जा करणाऱ्या पोरींना हे परवडत नाही. शेवटची गाडी गाठायची तर शेवटचा अर्धा तास बुडतो. दोघी हुशार पोरी यापायी मायनर सोडून गेल्या आणि कॉलेजला त्याचं काही वाटलं नाही. एका सेमिस्टरला सर रजेवर होते, तेव्हा जो विषय दुसऱ्याकडं दिला तो स्लाइड वाचून संपवला गेला. प्रयोग आराखडा हा विषय होता, आणि तो मला नंतर स्वतः बसून पुन्हा शिकावा लागला. लॅबमधल्या मशिनींवर आरची जुनी आवृत्ती होती, निम्मी पॅकेजं चालायची नाहीत. फी भरताना मात्र सवलत कुणाला नव्हती.

प्लेसमेंटबद्दलही स्पष्ट बोलतो. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांच्या फॉर्ममध्ये मायनरचा रकानासुद्धा नव्हता. नुसत्या नावावर पगार वाढेल या आशेनं घेणार असाल तर घेऊ नका. मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारलं की मात्र फरक पडतो. पंचगंगेच्या मॉडेलबद्दल बोलताना मला कधी पाठ केलेलं उत्तर द्यावं लागलं नाही. पुढं शिकणाऱ्यांसाठी आणखी एक: गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआय असा स्वतंत्र पेपर सुरू झालाय आणि त्यात संभाव्यता आणि संख्याशास्त्राला मोठी जागा आहे. ज्यांचं मायनर मनापासून झालंय त्यांची ती तयारी आपोआप झालेली असते.

बाकीच्या मायनरबद्दल मित्रांकडनं कळलेलं. माझ्या रूममेटनं एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं, घेतलं होतं. त्याचं टेबल कायम सोल्डरिंगच्या वासानं भरलेलं, मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, वायरींचा गुंता. तो आज गोकुळ शिरगावला एका ऑटोमेशनच्या कंपनीत आहे आणि खूश आहे. हातानं काही बनवायची आवड असेल आणि कोल्हापूर-इचलकरंजीतच राहून काम करायचं असेल, तर एम्बेडेड ही संख्याशास्त्राइतकीच चांगली निवड आहे. इथल्या फाउंड्री, मशीन शॉप, यंत्रमाग सगळ्यांनाच प्रोग्रॅम कळणारा आणि मशीनला हात लावायला न घाबरणारा माणूस हवाय. उद्योजकतेच्या मायनरमध्ये गटचर्चा आणि सादरीकरणं होती, त्याबद्दल कुणी फार बोललं नाही. अर्थशास्त्र आमच्याकडं नव्हतं. असतं तर मी बराच विचार केला असता, कारण तिथंही खरे आकडे आणि खरी माणसं असतात.

फॉर्म भरायच्या आधी मी तुम्हाला तीन कामं करायला सांगेन. विषयाच्या नावावर जाऊ नका, सेमिस्टरवार अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यातलं किती तुमच्या शाखेत आधीच आहे ते पेन्सिलीनं खोडत बसा. खोडून अर्धं उरलं नाही तर तो विषय सोडा. दुसरं, शिकवणार कोण ते विचारा, आणि त्यांच्याकडं शिकलेल्या सिनियरला कॅन्टीनमध्ये चहा पाजून खरं काय ते ऐका. चांगला शिक्षक असलेला दुय्यम वाटणारा विषय, वाईट शिकवल्या जाणाऱ्या भारी विषयापेक्षा केव्हाही घ्यावा. तिसरं, मायनरचे तास कुठल्या वेळेला असतात ते आधीच्या वर्षाच्या टाइमटेबलवरनं बघा, विशेषतः तुम्ही गावाकडनं येत असाल तर. ज्यांचं बारावीचं गणित कच्चं राहिलंय त्यांनी संख्याशास्त्राला घाबरू नये. इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स उन्हाळ्याच्या सुट्टीत पक्कं केलं की पुरतं. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं एमएस्सी करणाऱ्या एखाद्याशी ओळख काढता आली तर अडलेलं विचारायला माणूस मिळतो. आम्हाला असा एक दादा मिळाला होता, सायबर चौकात चहा पीत पीत त्यानं आम्हाला हायपोथिसिस टेस्टिंग समजावलं.

आणि तुमच्या कॉलेजात हे मायनर नसेलच, तर एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स बघा. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, शिकायला पैसे लागत नाहीत. बारा आठवड्यांच्या कोर्सला परीक्षा द्यायची असेल तर फी हजाराच्या आसपास असते. गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे, आणि प्रमाणपत्रासाठी दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळं असाइनमेंट बुडवून चालत नाही. सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. ते क्रेडिट तुमचं कॉलेज धरणार का, हे परीक्षा विभागाकडनं आधी लेखी घ्या, मगच नाव नोंदवा.